आठ पदरी कापड

काल सकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "स्थानकात महासती आल्यात चातुर्मासाला. त्यांच्यात आपली लीला आहे म्हणे." मग हातातला देठ तसाच धरून तिने स्वतःलाच दुरुस्त केलं, "आपली म्हणजे... आता तसं म्हणायचं नसतं, नाही का?"

मी काही बोलले नाही. त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. माझं न बोलणं आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखं आहे, ते बंद पडलं तरच कोणाच्या लक्षात येईल. मी उठले, कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यात साड्यांच्या मागे हात घालून पाहिलं. कापड होतं. तळहाताएवढं, घडीवर घडी घालून आठ पदरी केलेलं. कडेला दोरा ओवलेला, तो आता पिवळा पडला आहे. मी ते नाकाशी नेलं. त्याला कसलाच वास नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याला माझ्याच श्वासाचा वास असायचा, आणि उकळलेल्या पाण्याचा.

आम्ही जैन नाही, पण नगरच्या आमच्या गल्लीच्या टोकाला जैनांचं स्थानक आहे. पावसाळ्याचे चार महिने साध्वी, म्हणजेच महासती, तिथे मुक्काम करतात. एरवी त्या गावोगाव अनवाणी चालत असतात. पांढरी वस्त्रं, आणि तोंडावर पांढरी मुहपत्ती, कानांवरून दोऱ्याने बांधलेली. लहानपणी मला वाटायचं, यांना रस्त्यावरच्या धुळीचा त्रास होत असेल. नगरमध्ये राहणाऱ्या कोणालाही तसंच वाटेल.

कारण आमच्या गावाला वारा आहे. त्यातून बहात्तरचा पावसाळा. त्याला पावसाळा म्हणायचं ते केवळ कॅलेंडरवर महिन्यांची नावं तशी होती म्हणून. आषाढ गेला, श्रावण गेला, ढग यायचे आणि गाव बघून पुढे जायचे. वारा मात्र रोज यायचा. कापडबाजारातले दुकानदार दुपारी ठाणांवर चादरी टाकून बसत. भाकरी दाताखाली करकरायची. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची ती तांबडी भाकरी, आणि वर ही धूळ. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि ते भरून ठेवलेल्या हंड्यांच्या तळाशीही बारीक गाळ बसलेला असायचा.

माझ्या डोळ्यांत धूळ सारखी जायची. मग मी लीलाकडे जायची. तिचं घर आमच्या समोर, खाली तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. ती पदराच्या टोकाचा बोळा करायची, तो ओठांशी धरून त्यात फुंकर घालायची, आणि तो गरम बोळा माझ्या मिटल्या डोळ्यावर दाबून धरायची. पुन्हा फुंकर, पुन्हा डोळ्यावर. ही युक्ती सगळ्या आयांना येते, पण आमच्या आईची फुंकर घाईची असायची. लीलाची सावकाश. तिला फुंकर घालायचा नादच होता. चहावर, पुस्तकावरच्या धुळीवर, पेरूवर, खरचटलेल्या कोपरावर. तिच्या गच्चीवर कुंड्या होत्या. त्यांच्या पानांवरसुद्धा ती फुंकर घालत फिरायची.

"पाणी नाही तर नाही," ती म्हणायची, "निदान तोंड तरी पुसू दे त्यांना."

त्या चातुर्मासानंतर लीला दीक्षा घेणार होती. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दिवसातला बराच वेळ ती स्थानकात साध्वींजवळ शिकायला असायची, सूर्यास्तानंतर जेवायची नाही, उकळून गार केलेलंच पाणी प्यायची. तिच्या घरच्यांनी आधी रडून घेतलं होतं, मग ते अभिमानाने सांगायला लागले होते. मी रडलेही नव्हते आणि मला काही सांगायचंही नव्हतं. मला तिला एवढंच म्हणायचं होतं की जाऊ नकोस. रोज ठरवायची. रोज तिच्यासमोर गेलं की डोळ्यात धूळ गेलीय एवढंच सांगायची.

माझी अडचण जुनी होती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मराठी बोललं की दंड, आणि घरी इंग्रजी शब्द तोंडून गेला की हसू. दोन्हीकडून सावध राहता राहता मला गप्प राहण्याची सवय लागली. शाळेत आमच्या फ्रॉकवर छातीशी पिनने रुमाल लावलेला असायचा. सिस्टर तो तपासत. तो रुमाल आपलं नाक पुसायला असतो, शिंक आली की आपली लाज झाकायला असतो, असं मी समजत होते. समोरच्याचा त्याच्याशी काही संबंध असेल हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलंही असेल. इंग्रजीतलं पुष्कळसं मी पाठ केलं होतं, समजून घेतलं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात माझी मोठी बहीण सुधाताई बाळंतपणाला आली आणि दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी. इतकी लहान की आईच्या दोन तळव्यांत मावावी. कापसात गुंडाळलेली, रडली तरी मांजराच्या पिलाएवढा आवाज. डॉक्टर आले, तपासलं, हात धुतले आणि पुसता पुसता म्हणाले, "वजन घेईल हळूहळू. पण एक सांगून ठेवतो, हिला साधं पडसंसुद्धा परवडणार नाही. श्वासाला जोर नाहीये अजून." आम्ही सगळे तिच्या छातीकडे बघत राहिलो. ती वरखाली होत होती, चिमणीची होते तशी.

आणि नेमकी तेव्हाच गावात फ्लूची साथ आली. पहिल्यांदा शाळेतली मुलं, मग बाजार. आमच्या घरात ती बाबांबरोबर आली. बाबा कलेक्टर कचेरीत होते आणि दुष्काळी कामांवर देखरेखीला त्यांना जामखेड, खर्डा असं जीपने फिरावं लागायचं. खर्ड्याहून ते एका संध्याकाळी आले ते अंगभर धूळ आणि डोळे लाल. धूळ अंघोळीने गेली, डोळे तसेच राहिले. सकाळी ताप. दोन दिवसांनी आईला. मग माझा घसा धरला.

बाळंतिणीची खोली आतली. बाबांना तिथे बंदी. पण आईला कसं बाहेर ठेवणार? आणि मला? ताईला उठवत नव्हतं. आईने तिच्या परीने तोड काढली. बाळाला नजर लागू नये, वारा लागू नये म्हणून आपल्याकडे तोंडावरून झबल्याचं फडकं ओढून घेतातच. तिने जुन्या धोतराचा मऊ तुकडा दुहेरी करून बाळाच्या तोंडावर घातला आणि कडा उशीखाली खोचल्या. "आता काही आत जायला नको," ती म्हणाली, आणि त्याच बाळावर वाकून खोकली.

लीला त्या दुपारी ताईसाठी डिंकाचे लाडू घेऊन आली होती. दारातूनच तिने पाहिलं. लाडूचा डबा माझ्या हातात दिला, आत गेली, बाळाच्या तोंडावरचं फडकं अलगद उचललं. बाळ लालबुंद झालं होतं. त्याने एक मोठा श्वास घेतला, आणि मग तेवढ्याच मोठ्याने रडायला लागलं.

"काकू," लीला म्हणाली, "तिचं नाही बांधायचं. आपलं बांधायचं."

आईला राग आला. "अगं, आपल्याला काय व्हायचंय? आपल्याला तर झालंच आहे."

"म्हणूनच."

ती घरी गेली आणि दुकानातून मलमल घेऊन आली. आमच्या ओटीवर बसून तिने ती कापली, घड्या घातल्या, एक, दोन, आठ पदर होईपर्यंत. दोरा ओवला. स्थानकात ती हेच शिकत होती. पण तिथे त्याचं कारण वेगळं होतं, ते तिने मला आधी एकदा सांगितलं होतं. बोलताना आपल्या तोंडातून जो गरम वारा बाहेर पडतो त्याने हवेतल्या सूक्ष्म जिवांना इजा होते. ती होऊ नये म्हणून मुहपत्ती. मला ते तेव्हा फार दूरचं वाटलं होतं. न दिसणाऱ्या जिवांसाठी तोंड बांधायचं! आता समोर एक दिसणारा जीव होता, जेमतेम दिसणारा.

तिने दोरा माझ्या कानांवरून घेतला. तिची बोटं थंड होती. "घट्ट होतंय?" मी मान हलवली. "हे तुझ्यासाठी नाही हं," ती म्हणाली, "तिच्यासाठी. म्हणून सैल ठेवून चालायचं नाही."

बाबांना हे पटलं नाही. सरकारी माणसाला कापडाच्या तुकड्याने काही होतं हे पटणं कठीणच. डॉक्टर आले तेव्हा ते पलीकडच्या खोलीतून ओरडून म्हणाले, "डॉक्टर, हे काय चालवलंय बायकांनी? जंतू केवढा असतो? मलमलीच्या एकेका भोकातून पलटण जाईल."

"जाईल ना," डॉक्टर म्हणाले. "पण तो चालत येतो का हो? खोकल्यातून तुषार उडतात, त्यांच्यावर बसून येतो. तुषार कापडाला अडकले की त्याची बैलगाडी मोडली."

"सगळ्या गाड्या मोडतात?"

"सगळ्या नाही. तसं मी सांगणार नाही. पण दहा गाड्या येण्यापेक्षा दोन आलेल्या बऱ्या, एवढंसं गाव आहे ते." त्यांनी पाळण्याकडे बोट दाखवलं. "आणि ऑपरेशनच्या वेळी मी तोंड बांधतो ते कोणासाठी, माझ्यासाठी? कापड ओलं झालं की बदला. उकळत्या पाण्यात टाका."

"पाणी कुठंय?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी बॅग बंद केली. पाणी त्यांच्या औषधात नव्हतं. शेवटी आईनेच मार्ग काढला. कापडं उकळायची, त्याच पाण्याने खोली पुसायची, आणि फडकं पिळून उरलेलं लीलाच्या कुंड्यांना. त्या वर्षी गच्चीवरची जास्वंद जगली ती आमच्या श्वासाच्या पाण्यावर.

बाळाला न्हाऊ घालायला ठकूबाई यायच्या. त्यांना कापड दाखवल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले. "मी काय खळ्यावरला बैल हाय व्हय, मुसकं बांधाया? बैलानं कणसं खाऊ नये म्हून मुसकं घालत्यात. मी काय खाती तुमचं?"

लीला हसायला लागली. "ठकूमावशी, तुम्ही बाळाला तेल लावताना किती बोलता! सगळं बोलणं तिच्या तोंडावर सांडतं."

"बोलनं सांडतं व्हय? ऐकावं ते नवलच. बांध मग बाय. पर जरा सैल, मला लई गुदमरतं."

बांधलं खरं, पण ठकूबाईंचं एक व्हायचं. गप्प असताना त्या कापड नीट नाकावर ठेवायच्या, आणि बोलायचं झालं की बोटाने हनुवटीखाली ओढायच्या. शिंक आली की घाईघाईने खाली. शिंकून झालं की पुन्हा वर. ताप उतरल्यावर आईने बाबांनाही बांधायला लावलं, त्यांचंही तेच. खोकण्यापुरतं खाली, एरवी सभ्यपणे वर. लीला कपाळाला हात लावायची. "अहो, उलटं! बोलताना तर हवं. गप्प बसलात तर नसलं तरी चालेल."

"मंग ह्या पोरीला कशाला बांधलंय?" ठकूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "ही तर बोलतच न्हाई."

आणि इथेच त्या पावसाळ्यातली माझी गोष्ट सुरू होते, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही.

कापडाच्या आत एक लहानशी खोली असते. आपला श्वास बाहेर जातो आणि जाऊन परत येतो, थोडा ओलसर, ऊन. पहिल्या दिवशी जीव घाबरा झाला. दुसऱ्या दिवशी तो श्वास ओळखीचा झाला. ताई झोपलेली असायची, आई तापात, आणि बाळ माझ्या मांडीवर. कोणालातरी तिच्याशी बोलायला हवं होतं, नाहीतर ती रडायची. मी बोलायला लागले. माझे ओठ कोणाला दिसत नव्हते. शब्द चुकला तर चेहरा कसा होतो ते कोणाला दिसत नव्हतं. मी तिला गल्लीतल्या कुत्र्यांची नावं सांगितली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरची नक्कल करून दाखवली. पाऊस म्हणजे काय ते सांगितलं, कारण तिने तो पाहिलाच नव्हता. मराठीत अडलं तर इंग्रजीत, इंग्रजीत अडलं तर नुसतं हं हं. ती माझ्या डोळ्यांकडे टक लावून ऐकायची. मी गाणंसुद्धा म्हटलं. मी!

ठकूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "अवो बाई," त्यांनी आईला हाक मारली, "हिकडं या. तोंड बांधल्यावर पोरीला कंठ फुटला!"

लीला रोज दुपारी यायची. पर्युषणात तिचे उपवास चालू होते तेव्हाही आली, चेहरा उतरलेला, पण कापड बांधूनच. बाळाजवळ बसताना तिने एकदाही ते विसरलं नाही. दोघींची तोंडं बांधलेली, मध्ये बाळ. बाहेर वारा दारं आपटायचा. ती उकळून वाळलेल्या पट्ट्यांच्या पुन्हा घड्या घालायची आणि मी बोलत असायची. इतकी वर्षं ती बोलायची आणि मी ऐकायची. त्या दिवसांत उलटं झालं.

अशाच एका दुपारी, कुत्र्यांच्या गोष्टीच्या मध्येच, मी म्हणाले, "लीला, जाऊ नकोस ना."

तिचे हात थांबले. ऐकलं नाही असं तिने दाखवलं नाही.

"हे आधी का नाही बोललीस?"

"आधी बोलता येत नव्हतं."

"आणि आता?"

मी तोंडावरच्या कापडाला हात लावला. ती हसली. हसू कापडाच्या आत राहिलं, खांदे तेवढे हलले. मग बराच वेळ तिने एकाच पट्टीची घडी घातली आणि उलगडली.

"बघ वंदू," ती म्हणाली, "तुझं तोंड बांधल्यावर तुला बोलता यायला लागलं. कोणी ऐकलं तर म्हणेल, हे कसं काय? पण तुला माहितीये. माझंही तसंच काहीतरी आहे असं समज. मला कोणी बांधत नाहीये."

"पण मी काय करू?"

नसलेलं उत्तर तिने दिलं नाही, हे मला अजून आवडतं. तिने बाळाची मूठ बोटाने उघडली, तिच्यात अडकलेला कापूस काढला, आणि सवयीने त्या तळव्यावर फुंकर घालायला वाकली. कापड फुगलं आणि बसलं. बाळापर्यंत काही पोचलं नाही. की पोचलं असेल, थोडी ऊब? डोळ्यावरच्या बोळ्यातून पोचायची तशी. मला तेव्हापासून हे कोडं आहे, की कापडाने काय अडतं आणि काय अडत नाही.

साथ ओसरली. ताईलाही ताप येऊन गेला. तिने तोंड बांधून पाजलं. बाळाला काही झालं नाही. एकदा शिंकली आणि सगळं घर पाळण्याभोवती गोळा झालं, पण ती नुसतीच शिंक होती. बाबा म्हणाले, व्हायचं नव्हतं म्हणून झालं नाही. शेजारच्या घरात कोणी काही बांधलं नव्हतं आणि त्यांच्याकडची दोन माणसं साफ सुटली. दुसऱ्या एका घरात सगळे बांधून बसले होते तरी सगळे आजारी पडले. सगळे एका पंगतीला जेवायचे, कदाचित म्हणून असेल. मला यातलं काही सिद्ध करता येणार नाही. मी डॉक्टर नाही. मला एवढंच कळतं की ज्या श्वासाला जोर नव्हता त्याच्या वाटेतून आम्ही आमचा श्वास थोडा बाजूला घेतला. तो जीव जगला. त्या दोन गोष्टींमध्ये दोरा किती पक्का आहे ते मला ठाऊक नाही. पण उद्या पुन्हा तशी साथ आली तर मी कोणाला विचारत बसणार नाही, आधी बांधीन.

गल्लीने मात्र लगेच विसरून टाकलं. साथ संपल्यावर त्या पट्ट्यांनी कंदिलाच्या काचा पुसल्या गेल्या. ठकूबाईंनी त्यांची पट्टी नातवाच्या करगोट्याला बांधली, कशासाठी ते विचारायचं राहिलं.

लीलाची दीक्षा हिवाळ्यात झाली. मिरवणुकीत ती नवरीसारखी नटून उघड्या मोटारीत बसली होती, दोन्ही हातांनी तांदूळ, बदाम उधळत. तिचा उघडा चेहरा मी त्या दिवशी शेवटचा पाहिला. कोरडं वर्ष, शेकडो पावलं, बाजारभर धूळ. मोटार समोरून जाताना माझ्या डोळ्यात कचरा गेला. मी डोळा चोळत उभी राहिले आणि मोटार पुढे गेली. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "रड, रड," ती म्हणाली. आणि खरंच धूळ गेली होती. नगरमध्ये राहूनही कोणाला ते पटवता येईना. रात्रीपर्यंत डोळा खुपत होता. फुंकर घालायला कोणी नव्हतं असं नाही, आई होती. पण मी सांगितलं नाही.

त्यानंतर पाऊस आला, चांगला आला. नळाला पाणी आलं. सावेडीकडे नवे बंगले व्हायला लागले आणि बाबांनीही तिकडे जागा बघायला सुरुवात केली. मी नोकरीला लागले, एका शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवते, उघड्या तोंडाने. जमतं. पण अडलं की अजून मी मनातल्या मनात ते कापड बांधते आणि मग बोलते. लीलाला विचारायच्या गोष्टी साठत जातात. चहावर फुंकर घालायला घेते आणि मध्येच थांबते. साध्वी फुंकर घालत नाहीत. पानावर नाही, चहावर नाही, कशावरच नाही. वाऱ्यातल्या जिवांना इजा होते. जगात इतक्या मुली आहेत, आणि हे व्रत घ्यायला नेमकी तीच.

आज शाळेला सुट्टी होती. ताई माहेरी आली आहे, जुईला घेऊन. जुई म्हणजे तेच बाळ, आता दुडुदुडु पळते आणि पडते. मी तिला कडेवर घेतलं, कापड पर्समध्ये टाकलं आणि स्थानकात गेले. जाताना पाऊस भुरभुरत होता. पायरीशी जुईने उतरायचा हट्ट केला, उतरली, आणि ओल्या फरशीवर गुडघ्यावर पडली. रडली नाही. गुडघ्याकडे बघत राहिली, थोडं खरचटलं होतं.

साध्वींशी उघड्या तोंडाने बोलायचं नसतं. आत बसलेल्या बायका बोलताना पदर तोंडाशी धरत होत्या. मी दारातच कापड काढलं आणि दोरा कानांवर घेतला. हॉलच्या दूरच्या भिंतीशी त्या बसल्या होत्या, एकसारख्या पांढऱ्या. मला वाटलं होतं ओळखायला वेळ लागेल. लागला नाही. ती पोथीचं पान उलटत होती, सावकाश.

मी हात जोडले. तिने हात वर केला, "दया पालो." दया पाळा, असा आशीर्वाद त्या सगळ्यांनाच देतात. मग तिची नजर माझ्या तोंडावर थांबली.

"दोरा बदलायला हवा," ती म्हणाली. "पिवळा पडलाय."

आवाज तोच होता. मी इतकं काय काय साठवून आणलं होतं, आणि आठ पदरांच्या आतसुद्धा मला एवढंच बोलता आलं, "बदलते."

शेजारच्या बाईंच्या मांडीवरचं मूल त्या पांढऱ्या, झाकलेल्या चेहऱ्यांकडे बघून रडायला लागलं होतं. पुष्कळ मुलं रडतात. जुई रडली नाही. ती माझं बोट सोडून सरळ चालत गेली आणि लीलासमोर बसली. इतक्या लहानपणचं काही लक्षात राहत नाही, हे मला कळतं. पण तिने या जगात आल्यावर पहिले चेहरे पाहिले ते असेच, अर्धे. कदाचित तिला चेहरा म्हणजे एवढाच पुरत असेल.

तिने पाय पसरला, गुडघा वर केला आणि लीलाच्या तोंडाजवळ नेला. "फू कल."

लीलाचा हात पोथीवर तसाच राहिला. ती वाकली होती, सवयीने, थोडीशीच. मग तिथेच थांबली. तिने तळवा त्या गुडघ्यावर ठेवला, झाकून धरला, जसा ती गरम बोळा माझ्या डोळ्यावर धरायची तसा. जुईला ते पुरेना.

"फू कल ना."

"मावशीकडे जा," ती म्हणाली. "मावशी करेल." आणि माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "बाहेर नेऊन कर."

मी जुईला उचलून पायरीवर आणलं. पाऊस थांबला होता. दोरा कानांवरून काढला, कापड हातात धरलं, आणि त्या चिमुकल्या गुडघ्यावर फुंकर घातली. माझी फुंकर आईसारखी आहे, घाईची.

"अजून," जुई म्हणाली.

मी थांबले. श्वास पूर्ण आत घेतला, आणि सावकाश, लीला घालायची तशी सावकाश, पुन्हा फुंकर घातली. पहिली माझी होती.